डाव्या हातातला काटा

आईच्या कपाटात, शालूच्या खालच्या फळीवर, एक चपटा खोका असायचा. आत निळं मखमली अस्तर, त्याला पाडलेल्या खाचा आणि त्यांत बसवलेले सहा चमचे, सहा काटे. आईबाबांच्या लग्नात मुंबईच्या नातलगांनी केलेला आहेर. चमचे पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच स्वयंपाकघरात रुळले आणि एकेक करून हरवलेही. काटे मात्र खोक्यातच राहिले. कुडाळच्या आमच्या घरात काट्याचं काम वर्षातून एकदाच निघायचं. दिवाळीच्या खाऱ्या पुऱ्या फुगू नयेत म्हणून आई त्यांना काट्याने टोचे मारायची. मग तो धुऊन, पुसून पुन्हा मखमलीत.

दोन वर्षांपूर्वी बाबांची उजवी बाजू गेली. महिन्याभराने वाचा परत आली, पाय ओढत का होईना चालायला लागले, पण उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच पडून राहायचा. आई घास भरवायची. बाबा तोंड उघडायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. पेडव्यांचे काटे जिभेवर वेगळे करून ताटाच्या कडेला ओळीने मांडणारा हा माणूस. त्यांचं ते डोळे मिटणं मला बघवायचं नाही. डावा हात धडधाकट होता, पण त्याने जेवा म्हटलं की एकच उत्तर यायचं, "डाव्या हातान कोण जेवता?" चमचा देऊन बघितला. आमटीभाताला तो चालला, पण भाजीची फोड, माशाचा तुकडा चमच्यात शिरेना. ढकलायला दुसरा हात लागतो, तो नव्हता.

थेरपीसाठी घरी येणाऱ्या मुलीने एक दिवस विचारलं, "घरात काटा आहे का?" आईने खोका काढला. एका हाताने जेवणाऱ्यांच्या ताटाला बाहेरून लावायची एक कड मिळते, म्हणजे अन्न सरकून खाली पडत नाही. पण आमचं स्टीलचं ताट बघून ती म्हणाली, याला कड आहेच, वेगळं काही आणायला नको. बाबांनी काटा डाव्या हातात घेतला, बराच वेळ बघितला, दुधी भोपळ्याच्या फोडीत खुपसला आणि तोंडात घातला. मग आम्हा सगळ्यांकडे बघत म्हणाले, "हात तर लागणा नाय अन्नाक."

त्या वाक्यापाशी मी थांबले. तोवर काट्याबद्दल माझं मत पक्कं होतं आणि ते चांगलं नव्हतं. हाताने जेवण्याची चव काट्याला नाही, काटा म्हणजे साहेबी टेबलाचा थाट, एवढंच मी म्हणत आले होते. बाबांनी एका घासात त्याची खरी ओळख करून दिली. काटा बोट आणि अन्न यांच्यात चार इंचांचं अंतर ठेवतो. त्याचा सगळा इतिहास या अंतराभोवती फिरतो, हे मला पुढच्या काही महिन्यांत वाचता वाचता कळत गेलं.

आधी नावाचं सांगते. लॅटिनमध्ये फुर्का म्हणजे गवत उचलायचं शेतातलं अवजार, आपल्या दाताळ्याच्या जातीचं. त्याचं इटालियन लाडकं रूप फोर्केत्ता, म्हणजे छोटं दाताळं. पोर्तुगीजांचा शब्द वेगळा, गार्फो. तो त्यांच्या जहाजांतून पूर्वेकडे आला आणि जिथे उतरला तिथे राहिला. गोव्याच्या कोंकणीत गार्फ, सिंहलीत गॅरुप्पुव, इंडोनेशियात गार्पू. पाव, पगार, बटाटा आपण पोर्तुगीजांकडून घेतले, पण हा शब्द मराठीने घेतला नाही. आपल्याकडे काटा आधीपासून होता. बाभळीचा, माशाचा, घड्याळाचा, वजनाचा, अंगावर येणारा. त्या रांगेत हा आणखी एक उभा राहिला.

मांस कढईतून काढायचे, भाजताना धरायचे मोठे काटे फार जुने आहेत. जेवणाऱ्याच्या हातातला लहान काटा ही निराळी गोष्ट. तो बायझंटाईन साम्राज्यात, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या श्रीमंत घरांत वापरात होता आणि तिथून पश्चिमेकडे आला तो एका लग्नातून, असं सांगतात. व्हेनिसच्या सत्ताधीशाला डोजे म्हणत. अशा एका डोजेच्या घरात कॉन्स्टँटिनोपलची राजघराण्यातली मुलगी सून म्हणून आली. ११व्या शतकातला पीटर डेमियन हा कडक वैराग्याचा ख्रिस्ती धर्मगुरू तिच्याबद्दल चिडून लिहितो. ही बाई अंघोळीला साधं पाणी घेत नाही, तिच्या दासी पहाटेचं दव गोळा करतात. ही अन्नाला बोट लावत नाही, सेवकांकडून तुकडे करून घेते आणि दोन दात्यांच्या सोन्याच्या काट्याने तोंडात घालते. तिच्या खोलीत अत्तरांचा इतका दरवळ की आत उभं राहवत नाही. आणि मग, तिच्या अंगाला कीड लागून ती कुजून मेली, असं सांगून तो हा देवाचा न्याय ठरवतो.

डेमियनने तिचं नाव लिहिलेलं नाही. पुढच्या लेखकांनी कधी मारिया आर्जिरोपूलिना, कधी थिओडोरा डूकाइना असं तिला ओळखलं. मारियाबद्दल एवढं ठाऊक आहे की १००४च्या सुमारास डोजे पिएत्रो ओर्सेओलोच्या मुलाशी तिचं लग्न झालं आणि दोन-तीन वर्षांतच व्हेनिसमध्ये साथीत ती गेली. मला त्या मुलीचं फार वाईट वाटलं. माहेरी जशी जेवत होती तशी ती सासरी जेवली, एवढाच तिचा गुन्हा. नव्या सुनेच्या जेवण्याच्या पद्धतीवर सगळ्या घराने नजर ठेवणं हे मी आमच्या नात्यात इतकं पाहिलं आहे की हजार वर्षांपूर्वीची ती जेवणाची खोली मला डोळ्यांसमोर दिसते. ती मेल्यावरही तिच्या काट्याला क्षमा मिळाली नाही.

पुढची काही शतकं युरोप हातानेच जेवत होता. प्रत्येकाने आपापली सुरी कमरेला लावून यायचं. शिळ्या पावाची जाड चकती हेच ताट. रस्सा चमच्याने, मांस बोटांनी, आणि मांसाचं मोठं पात्र सगळ्यांमध्ये एकच. १५३० मध्ये इरॅस्मसने मुलांना शिष्टाचार शिकवणारं छोटं पुस्तक लिहिलं. त्यात तो बजावतो की तुपकट बोटं चाटू नका, अंगरख्याला पुसू नका, रुमालाला किंवा टेबलावरच्या कापडाला पुसा. टेबलावरच्या कापडाला बोटं पुसणं म्हणजे तेव्हाची सभ्यता.

इटलीत मात्र काटा टिकला, आणि तो उंची थाटामुळे टिकला असं मला वाटत नाही. पास्त्यामुळे टिकला. गरम, निसरड्या, तुपात घोळलेल्या शेवया बोटांनी उचलून बघा. १४व्या शतकातल्या फ्लॉरेन्समधल्या एका गोष्टीत नोद्दो नावाचा खादाड माणूस आहे. दोघांना मिळून एका ताटात मॅकरोनी वाढली आहे. वाफाळलेली मॅकरोनी तो काट्याला गुंडाळून भराभर गिळतो, आणि समोरच्याचा पहिला घास अजून काट्यावर निवतोच आहे. काट्याचं खरं काम या गोष्टीत दिसतं. पदार्थाने अवजार मागितलं आणि ते मिळालं.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले तो माणूस. टॉमस कोरिएट. इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातल्या ऑडकोंब गावचा, धर्मगुरूचा मुलगा. १६०८ मध्ये तो युरोप बघायला निघाला आणि व्हेनिसपर्यंत जाऊन परत आला, बराचसा पायी. परतल्यावर त्याने आपले बूट गावच्या चर्चमध्ये टांगून ठेवले. १६११ मध्ये प्रवासवर्णन छापलं, त्यात इटालियन काट्यावर एक मोठा परिच्छेद आहे. तो सांगतो की इटलीत एका हातातल्या सुरीने मांस कापताना दुसऱ्या हातातल्या काट्याने ते धरून ठेवतात. काटे बहुतेक लोखंडाचे नाहीतर पोलादाचे, चांदीचे फक्त बड्यांकडे. सगळ्यांच्या सामायिक पात्राला कुणी चुकून बोट लावलं तर पंगतीतली माणसं रागावतात. आणि मग तो कारण देतो: इटालियन माणसाला आपल्या अन्नाला बोटं लागलेली मुळीच खपत नाहीत, कारण सगळ्यांची बोटं काही सारखी स्वच्छ नसतात.

हे वाचलं तेव्हा मला आजी आठवली. आजीला हे समजवायला परिच्छेद लागला नसता, एक शब्द पुरला असता: उष्टं.

युरोपला काटा का लागला आणि आपल्याला का लागला नाही, या प्रश्नाचं माझं उत्तर या शब्दात आहे. सामायिक पात्रात सगळ्यांचे हात, ही अडचण त्यांनी अवजाराने सोडवली. आपल्याकडे ती अडचण उभीच राहू दिली नव्हती. पान ज्याचं त्याचं. वाढणारा वेगळा, आणि त्याच्या हातातला डाव पानाला टेकता कामा नये. उजवा हात एकदा अन्नाला लागला की तो उष्टा, त्याने वाढून घ्यायचं नाही, दुसऱ्याच्या पानाला लावायचा नाही. पाण्याचा पेला डाव्या हाताने उचलायचा, कारण तो कोरडा, स्वच्छ राहिलेला. डाव्या हाताला पंगतीत काम होतं, फक्त अन्नाशी नव्हतं. "डाव्या हातान कोण जेवता" हा बाबांचा हट्ट त्या नियमाचाच तुकडा. ज्या पंगतीत प्रत्येकाची बोटं फक्त त्याच्याच पानात जातात, तिथे सगळ्यांची बोटं सारखी स्वच्छ नसली तरी चालतं.

पण हे अभिमानाने सांगून मला पुढे जाता येत नाही. उष्ट्या-खरकट्याची शिस्त बोटांपाशी थांबली नाही. ती भांड्यांपर्यंत, विहिरींपर्यंत, माणसांच्या सावलीपर्यंत गेली. १८९०च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं पुढे आली आणि त्यावरून रानडे, टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीच्या बहिष्काराचं प्रकरण झालं. त्यांचं प्रकरण प्रायश्चित्तावर भागलं. ज्यांना तळ्याच्या पाण्याला हात लावू दिला जात नव्हता त्यांचं भागलं नाही. २० मार्च १९२७ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. व्हेनिसमध्ये अंतर ठेवणारीला पापी ठरवलं, आपल्याकडे अंतर मोडणाऱ्याला. दोन्हीकडे साक्षीला देव आणला.

कोरिएटकडे परत येते. इंग्लंडमध्ये तो काट्याने जेवायला लागला तेव्हा लॉरेन्स व्हिटेकर नावाच्या त्याच्या विद्वान मित्राने त्याचं नाव ठेवलं फुर्किफर. शब्दशः काटाधारी, पण लॅटिनमध्ये त्याचा चालू अर्थ फाशीला जायच्या लायकीचा बदमाश. कोरिएटने तेही छापून टाकलं. १६१२ मध्ये तो पुन्हा निघाला. कॉन्स्टँटिनोपल, जेरुसलेम, अलेप्पो, इस्फहान, लाहोर, आणि जुलै १६१५ मध्ये अजमेर, जिथे जहांगीरचा मुक्काम होता. अलेप्पो ते अजमेर दहा महिने, खर्च फक्त तीन पौंड, त्यातलेही दहा शिलिंग वाटेत कुणी फसवून घेतलेले. फारसी शिकला, हिंदुस्तानी शिकला. सर टॉमस रो हा इंग्लंडच्या राजाचा वकील तेव्हा दरबारात होता. त्याचा पाद्री एडवर्ड टेरी सांगतो की वकिलाच्या घरी एक धोबीण होती, ती उगवतीपासून मावळतीपर्यंत भांडायची. कोरिएटने एके सकाळी तिच्याच भाषेत तिच्याशी भांडण लावलं आणि आठ वाजेपर्यंत तिला गप्प केलं. १६१६ मध्ये त्याने जहांगीरच्या झरोक्याखाली उभं राहून फारसीत भाषण केलं. बादशहाने वरून शंभर रुपये टाकले. रो नाराज झाला, आपल्या देशाच्या माणसाने असं मागणं त्याला शोभलं नाही.

आता विचार करा, काटा घेऊन मायदेशी हिणवून घेतलेला हा माणूस पायी चालत अशा मुलखात आला जिथे झोपडीपासून महालापर्यंत सगळे बोटांनी जेवतात. पुष्कळदा दिवसाला एका पेनीत भागवणारा वाटसरू सरायांमध्ये, धर्मशाळांमध्ये काय खात असेल, कसं खात असेल? मला वाटतं, तो इथे हातानेच जेवला असेल, आणि आनंदाने. दुसऱ्यांची चाल उचलून बघायची ही त्याची सवयच होती. इटलीत काटा उचलला, इथे भाषा उचलल्या.

१६१७ मध्ये मांडूला तो एकदा चक्कर येऊन कोसळला. शुद्धीवर आल्यावर त्याला एकच धास्ती होती: सुरतेच्या वाटेवर मेलो तर कुठेतरी पुरतील आणि माझं काय झालं हे गावाकडे कुणाला कळणारही नाही. सुरतेपर्यंत तो पोचला. तिथल्या इंग्रजांनी त्याला प्रेमाने दारू पाजली, आधीच हगवण लागलेली, ती वाढली. डिसेंबर १६१७ मध्ये तो गेला. चाळिशीचाच होता. सुरतेजवळ सुवाळीच्या बाजूला राजगरी गावात घुमटाची एक छोटी वास्तू आहे, ती त्याची कबर म्हणून ओळखली जाते.

त्याच्या मृत्यूनंतर इंग्लंडात काटा हळूहळू रुळला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १६३२-३३चा छाप असलेला चांदीचा काटा आहे, दोन सरळ दात्यांचा. असा काटा मांस धरायला चांगला, पण त्यावर वाटाणा ठरत नाही. १७व्या-१८व्या शतकात तिसरा, मग चौथा दाता आला, दात्यांना बाक आला आणि काट्याने उचलताही येऊ लागलं. त्यात सुरीचाही हात आहे. १६६९ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईने टोकदार सुऱ्यांवर बंदी घातली. तोवर लोक सुरीच्या टोकानेच घास टोचून खायचे. टोक गेलं, टोचायचं काम काट्याकडे आलं. लोखंडाचा काटा गंजायचा, आंबट पदार्थाला लोखंडाची चव लागायची, आणि चांदी परवडायची नाही. १८४०च्या सुमारास विजेने चांदीचा मुलामा चढवायची रीत बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनने बाजारात आणली. १९१३ मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीला, बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून पोलादावर प्रयोग करताना, न गंजणारं पोलाद सापडलं. आईच्या खोक्यातले काटे त्याच पोलादाचे.

आणि एक गोष्ट मी मुद्दाम बाबांना सांगितली. युरोपात काटा डाव्याच हातात धरतात. उजव्या हातात सुरी आधीपासून होती. कापताना मांस धरून ठेवायला काटा आला, तो उरलेल्या हातात बसला. थायलंडमध्येही काटा डाव्या हातात असतो, त्याने भात उजव्या हातातल्या चमच्यात ढकलतात. नेल्सन या इंग्रज दर्यासारंगाचा उजवा हात १७९७ मध्ये लढाईत गेला, तेव्हापासून तो काटा आणि सुरी एकत्र जोडलेलं अवजार डाव्या हातात धरून जेवायचा. तसल्या अवजाराला अजून नेल्सनचंच नाव आहे. बाबांनी नेल्सनची गोष्ट दोनदा सांगायला लावली. लढाई कुठली, बोट कुठली, किती वर्षांचा होता.

गांधीजींचीही सांगितली. सप्टेंबर १८८८ मध्ये मुंबईहून इंग्लंडला निघालेला अठरा वर्षांचा मुलगा. जहाजावर काटे-सुऱ्या धरता येत नाहीत आणि विचारायची लाज वाटते, म्हणून जेवणघरात गेलाच नाही. घरून बांधून दिलेली मिठाई आणि फळं खोलीत बसून खाल्ली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. बाबा काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून पाहुणे आले की खोलीत ताट मागवायचं त्यांनी सोडलं, बाहेर येऊन सगळ्यांबरोबर बसायला लागले. निदान माझी समजूत अशी आहे.

काट्याने एक काम मात्र होत नाही. माशातला काटा त्याला कळत नाही. पेडवा किंवा बांगडा खाताना बोटांच्या टोकांना जे बारीक टोचतं, त्यावरून आपण मास आणि हाड वेगळं करतो. चार इंचांवरून ते कळायचं नाही. बाबांना बांगड्याशिवाय आठवडा जात नाही, म्हणून आमच्याकडे आता अशी पद्धत पडली आहे. आई त्यांच्या शेजारी पाट घेऊन बसते. तिखल्यातला बांगडा ताटात घेते, बोटांनी मधला कणा ओढून काढते, मग बाजूचे काटे चाचपून एकेक वेचते आणि मोकळं झालेलं मास ताटाच्या कडेला सारते. भरवत नाही. तिथून पुढे बाबांचा डावा हात.

परवा मी गेले होते तेव्हा काटा मासावर टेकवून ते थांबले.

"काटे काडलंस मां सगळे?"

"काडलंय. खावा तुमी," आई म्हणाली, आणि तरीही पुन्हा एकदा बोटं फिरवून बघितली.